काडी की पेटी

तीन हजार आणि पंधरा हजार. गेल्या वर्षी श्रावणात हे दोन आकडे आमच्या घरात महिनाभर मुक्कामाला होते. तीन हजारांना मिळते ती बोटाएवढी काडी, टीव्हीच्या मागे खोचायची. पंधरा हजारांच्या आसपास मिळते ती काळी चौकोनी पेटी, टीव्हीशेजारी ठेवायची. काम दोघींचं एकच, इंटरनेटवरून येणारं चित्र साध्या टीव्हीवर उतरवायचं. स्टिक आणि बॉक्स हे शब्द आईला ठाऊक नाहीत असं नाही, पण तिने पहिल्याच दिवशी त्यांचं मराठी करून टाकलं आणि ‘दोन्ही मिळून काडेपेटी झाली की गं’ म्हणून स्वतःच हसली. कंपन्यांची नावं इथे सांगत बसत नाही. ती बदलत राहतात; किमतीतलं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं.

आई सत्याहत्तर वर्षांची. माहेर निपाणी, सासर मिरज, आणि अण्णा गेल्यानंतर मुक्काम बंगळूर, हनुमंतनगरातलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. मिरजेचं घर बंद करताना तिने दोनच वस्तूंचा हट्ट धरला. एक देव्हारा, दुसरा टीव्ही. टीव्ही बत्तीस इंची, २०१३ सालचा, ‘स्मार्ट’ म्हणतात तसला नव्हे. अण्णांचं मिरजेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हा टीव्ही त्यांनी घरासाठी घेतलेला शेवटचा, आणि त्याच्या पॉवर सप्लायमधले कंडेन्सर त्यांनी आपल्या हातांनी दोनदा बदललेले. ‘पन्नास इंची नवा घेऊ, त्यात सगळं आतच असतं,’ असं मी म्हणाले तेव्हा ती काही बोलली नाही. उठून देव्हाऱ्यातली निरांजनं घासायला घेतली. विषय संपला.

मुळात काही जोडायची गरज पडली ती मराठीमुळे. मिरजेत केबलवाल्याकडे झाडून सगळ्या मराठी वाहिन्या होत्या आणि आईला त्यांचे आकडे पाठ होते. इथल्या आमच्या केबलवाल्याकडे कन्नड आहे, तमिळ, तेलुगू, मल्याळम आहे, हिंदी तर आहेच. मराठी नाही. २०१९ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी व्यवस्था लागू झाली. ग्राहकाने हवी ती वाहिनी सुटी निवडावी आणि तिचे तेवढेच पैसे द्यावेत. कागदावर उत्तम. पण निवडण्याआधी ती वाहिनी केबलवाल्याच्या यंत्रावर यावी लागते. तो म्हणाला, ‘मॅडम, या एरियात मराठी कोण बघतं? तुम्ही एकट्याच.’

डिश लावावी, तर गच्चीवर लावायला असोसिएशनची मनाई आणि आमची गॅलरी पश्चिमेला. डीडी फ्री डिशवर सह्याद्री वाहिनी फुकट दिसते. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे बंगळुराहून आग्नेयेला. गंमत अशी की तो उपग्रह, जीसॅट-१५, याच शहरात बांधलेला. बांधला इथे आणि आमच्या गॅलरीतून दिसत नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘वर गेल्यावर कशाला बघतोय तो इकडं?’ हे उपग्रहाबद्दल होतं की न्यू जर्सीतल्या माझ्या धाकट्या भावाबद्दल, ते मी विचारलं नाही.

‘या एरियात मराठी कोण’ या वाक्यावर मात्र मला हसू आलं. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर गवीपुरम आहे, तिथे मराठा समाजाचा गोसाई मठ आहे. शहाजीराजे १६३८ च्या सुमारास इथे जहागीरदार म्हणून आले. पुढे १६८७ नंतर, मोगलांच्या हातून, हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे तीन लाख रुपयांना गेलं असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. तीन लाखांत आख्खं बंगळूर! आणि खुद्द आमच्या हनुमंतनगरात, एका निवृत्त हवालदाराच्या मराठी घरात, शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा वाढला, गवीपुरमच्या सरकारी कन्नड शाळेत शिकला, शहर बसमध्ये कंडक्टर झाला आणि मद्रासला जाऊन रजनीकांत झाला. कॉटनपेटेत, बळेपेटेत पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेत, गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. पण ही मंडळी घरात मराठी बोलतात आणि टीव्हीवर कन्नड बघतात. त्यामुळे केबलवाल्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. त्याला बोलणारे नको आहेत, बघणारे हवे आहेत.

तर काडी किंवा पेटी. या वस्तूंचा इतिहास छोटा आहे. ॲपलने २००७ साली आपली पहिली पेटी आणली, रोकूने २००८ मध्ये नेटफ्लिक्ससाठी शंभर डॉलरची पेटी काढली. तेव्हा सगळ्या पेट्याच होत्या. २०१३ मध्ये गुगलने पस्तीस डॉलरचं क्रोमकास्ट काढलं आणि पेटीची काडी झाली. आपल्याकडे ते २०१४ च्या शेवटी २,९९९ रुपयांना आलं, ॲमेझॉनची काडी २०१७ मध्ये ३,९९९ ला. म्हणजे पस्तीस डॉलरपासूनच हा धंदा दोन वाटांनी गेला. एका वाटेवर वस्तू विकून पैसे कमवायचे, दुसऱ्या वाटेवर वस्तू जवळजवळ खर्चाच्या भावात देऊन नंतर कमवायचे. कसे, ते पुढे येईल.

मी एस. पी. रोडला गेले. सदर पत्रप्पा रस्ता हे त्याचं पूर्ण नाव, पण ते कुणी घेत नाही. टाऊन हॉलच्या मागच्या अंगाला, एका बाजूला सुटे रेझिस्टर किलोवर विकणारी दुकानं आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. अण्णा बंगळूरला आले की दोन दिवसांतला एक दिवस इथेच असत. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून यायचं आणि पिशवीभर आयसी, ट्रान्झिस्टर घेऊन परत जायचं. लालबाग, विधानसौध, काही नाही. दुकानदाराने मला विचारलं, ‘एष्टु बजेट, अक्का?’ मी मराठी आहे म्हटल्यावर तो कानडी वळणाच्या मराठीत बोलायला लागला. त्याचे पणजोबा कुठून आले ते त्याला माहीत नव्हतं, पण घरी खंडोबा होता.

त्याने दोन नव्हे, तीन वस्तू टेबलावर ठेवल्या. काडी, पेटी, आणि एक बिननावाची पेटी, अठराशेला. ‘यात सगळं फ्री आहे. सगळी चॅनेल, मराठीपण.’ मग माझ्याकडे बघून त्यानेच ती बाजूला सरकवली, ‘तुम्हाला नको.’ का नको ते मला माहीत होतं. मोठ्या कंपन्यांचं चित्र कुलूपबंद येतं. कुलूप उघडायचा परवाना ज्या यंत्राला नाही त्याला अंधुक, खालच्या दर्जाचं चित्र मिळतं. फुकट चॅनेल चोरीची असतात हे वेगळंच. आणि २०२३ मध्ये सुरक्षा संशोधकांना असल्या काही स्वस्त अँड्रॉइड पेट्यांमध्ये विकण्याआधीच बसवलेले घातक प्रोग्रॅम सापडले होते. घरात आणलेली पेटी आपल्याच इंटरनेटवरून दुसऱ्याच कुणाची कामं करत बसते. उरल्या दोन.

भाऊ म्हणाला, ‘पेटी. यात विचार काय करायचाय? आईसाठी आपण काटकसर करणार का?’ तो तिकडून पैसे पाठवणार होता. मी त्याला टाळता येणार नाही असा हिशेब दिला. आईच्या टीव्हीच्या पडद्यावर आडवे १,३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. पेटी देते ते फोर-के चित्र ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार ठिपक्यांचं. म्हणजे दर आठांतले सात ठिपके टीव्हीच्या दारात टाकून द्यायचे. पंधरा हजारांतले किती रुपये त्या सात ठिपक्यांचे?

त्याचाही अभ्यास झालेला होता. म्हणाला, ठिपके सोड, फ्रेमचं बोल. आपल्याकडचं टीव्हीचं चित्र सेकंदाला पंचवीस वेळा बदलतं, सिनेमा चोवीस वेळा. काडी सगळंच साठच्या ठेक्यात बसवते. साठला पंचवीसने भाग जात नाही, म्हणून काही चित्रं दोनदा दाखवली जातात, काही तीनदा. कॅमेरा आडवा फिरला की चित्र ठेचकाळत चालतं. चांगली पेटी ठेका ओळखून टीव्हीलाच त्यावर आणते. हे खरं आहे. मराठी मालिकांत सूनबाई काही बोलल्या की कॅमेरा घरातल्या सात चेहऱ्यांवरून फिरून येतो, तेव्हा हे ठेचकाळणं दिसतं. मला दिसलं. भावाला दिसतं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, ‘ती बाई आता काय म्हणते ते ऐकू दे.’

ऑफिसातल्या एकाकडून पेटी आठवड्यासाठी उसनी आणली, शेजारणीकडून काडी. हा आठवडा मी बारकाईने पाहिला, कारण तोवर मला कळलं होतं की आकड्यांवरून ठरणारं हे प्रकरण नाही.

पेटी झटकन सुरू होते. चित्र देखणं, आवाज स्वच्छ, पडदा शांत. पण तिच्या रिमोटवर बोट हलकेच सरकवायचं असतं. आईने आयुष्यभर बटणं दाबली आहेत, ती सुद्धा अंगठा पांढरा होईपर्यंत. सेल उतरले की जास्त जोर लावायचा, हे तिचं शास्त्र. तिचा कोरडा, थोडा थरथरणारा अंगठा त्या गुळगुळीत चकतीवर टेकला की पडद्यावरची चौकट तीन घरं पुढे उडून जाई. ती मागे आणायला गेली की चार घरं मागे. पुन्हा पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिने रिमोट माझ्या हातात दिला. ‘याला माझं बोट आवडत नाही. तूच लाव.’ ‘तूच लाव’ हे दोन शब्द मला आवडले नाहीत. मिरजेच्या घरात टीव्ही तीच लावायची. अण्णा घरात टीव्हीला हातही लावत नसत, म्हणायचे, दिवसभर तेच करतो.

काडीच्या रिमोटला खरीखुरी बटणं होती, दाबली की टक् आवाज करणारी. त्यावर आई तासाभरात बसली. पण काडी सुस्त. आत एक जीबी मेमरी, आठ जीबी साठवण. सुरू व्हायला पाऊण मिनिट, एका ॲपमधून दुसऱ्यात जायला पंधरा सेकंद. टीव्हीच्या यूएसबी भोकातून वीज दिली तर मधेच बंद पडून पुन्हा सुरू व्हायची, कारण तिथून मिळणारी वीज तिला पुरत नाही. वेगळा ॲडॉप्टर लावावा लागला. हे सगळं आईला चाललं. व्हॉल्व्हचा रेडिओ गरम होईपर्यंत वाट बघितलेल्या पिढीला पाऊण मिनिटाचं काय?

तिला खुपलं ते वेगळंच. काडी सुरू झाली की आधी तिचं अंगण लागतं. मोठ्या जाहिराती, आपोआप हलायला लागणाऱ्या. तीन हजारांत ती परवडते ती यामुळे. दाखवण्याचे पैसे कुणीतरी देत असतं, आणि तुम्ही काय बघता त्याची नोंदही ठेवली जात असते. आईला जाहिरातींचं वावडं नाही. साड्यांच्या, मसाल्यांच्या जाहिराती ती मालिकेइतक्याच आवडीने बघते. पण संध्याकाळी सात वाजता, देवाजवळ दिवा लावून, शुभंकरोति म्हणून ती टीव्हीसमोर बसते आणि पडद्यावर पहिलं काय येतं, तर हातात पिस्तूल, तोंडावर रक्त असा कुणीतरी माणूस. कुठल्याशा नव्या हिंदी वेब सीरिजचा. ‘दिवेलागणीला हे कशाला?’ ती डोळे मिटून बटण दाबत राही. किती वेळा दाबलं की आपलं ॲप येतं ते तिने मोजून ठेवलं: दोनदा खाली, एकदा उजवीकडे, मधलं बटण. मग कंपनीने अंगणाची मांडणी बदलली आणि मोजदाद वाया गेली.

बोलूनही लावता येतं असं शेजारीण म्हणाली. आमच्या काडीला इंग्रजी कळत होतं, हिंदी कळत होतं, मराठी कळत नव्हतं. आईचं हिंदी मिरजेच्या बाजारातलं. रिमोट तोंडाजवळ धरून ती म्हणाली, ‘कल का राहिलेला भाग लगाव.’ काडीने भोजपुरी गाणी लावली. आम्ही दोघी हसून हसून दमलो, पण त्यानंतर तिने ते बटण दाबलं नाही. जन्मभर मराठी बोललेल्या बाईने संध्याकाळी आपल्या मालिकेसाठी हिंदीत विनवणी करायची, आणि ती मालिका मराठी. एवढा वळसा कशासाठी?

अण्णा असते तर त्यांनी काडी आणि पेटी दोन्ही उलटी करून आधी स्क्रू शोधला असता. त्यांच्या दुकानात स्वस्त आणि महाग हा भेद दुसरा होता. पहिला भेद, उघडणारं आणि न उघडणारं. १९८० च्या दशकात आमच्याकडे टीव्ही आले तेव्हा नावाजलेल्या कंपन्यांचे संच होते आणि सुटे भाग आणून छोट्या कारखान्यांत जोडलेलेही होते. जोडलेला कृष्णधवल संच बराच स्वस्त पडायचा. लोक अण्णांना विचारायला यायचे, कुठला घेऊ? ते उलट विचारायचे, ‘घरात बघणारं कोण?’ निवृत्त मास्तर असले आणि बातम्याच बघायच्या असल्या तर जोडलेला घ्या, बिघडला तर मी आहे. घरात कॉलेजची मुलं असली तर कंपनीचा घ्या. एकदा मात्र त्यांनी एका जमीनदाराला, परवडत असतानाही, स्वस्त संच घ्यायला लावला होता, कारण त्याच्या गावात विजेचा दाब इतका खालीवर व्हायचा की महागडा संच पहिल्याच पावसाळ्यात गेला असता. चित्रात मुंग्या आल्या तर अँटेना फिरवायचा, चित्र आडवं फाटलं तर आतला एक खटका किंचित वळवायचा, आणि आवाज आहे पण चित्र नाही म्हटलं की ते कपाळाला हात लावायचे. म्हणजे मोठं काम.

काडीला स्क्रू नाही. पेटीलाही माझ्यासारखीने सहज उघडावा असा नाही. दोन्हींचं मरणही आतून येत नाही, बाहेरून येतं. वस्तू धडधाकट असते आणि एक दिवस ॲप म्हणतं, या यंत्रावर मी आता चालणार नाही. इथे मात्र पेटीची बाजू बळकट आहे, आणि ती मी भावाला मान्य केली. चांगल्या पेट्यांना कंपन्या बरीच वर्षं सुधारणा पुरवतात. एनव्हिडियाची शील्ड नावाची पेटी २०१५ साली निघाली, तिला जवळजवळ दहा वर्षं नवे बदल मिळत राहिले. स्वस्त काडी तीन-चार वर्षांत मागे पडते. भावाने व्हिडिओ कॉलवर गणित मांडलं. पंधरा हजार भागिले दहा, वर्षाला दीड हजार. तीन हजार भागिले तीन, वर्षाला हजार. ‘म्हणजे वर्षाला पाचशेचा फरक. पाचशे रुपयांत आईला दहा वर्षं बिनत्रासाची.’

आई शेंगा सोलत ऐकत होती. ‘दहा वर्षं?’ तिने बोटांवर मोजलं. ‘म्हणजे मी सत्त्याऐंशीची.’

भाऊ गप्प झाला. मी पण.

‘तीन वर्षांचीच घ्या की,’ ती म्हणाली. ‘संपली तर परत घेऊ. बाकीच्या बारा हजारांत मी किती वेळा मिरजेला जाऊन येईन, ते सांग तुझ्या गणितानं.’

मला वाटतं भावाला पेटी हवी होती ती आईने इथे रमावं म्हणून. मलाही तेच हवं होतं. पंधरा हजारांची वस्तू घरात आली की माणूस त्या घरात राहायला आल्यासारखं वाटतं. तीन हजारांची वस्तू धर्मशाळेत चालते. आई हे आमच्या आधी ओळखून होती. मिरजेच्या घराची किल्ली तिने कुणाला दिलेली नव्हती, ती देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्याखाली असते. मी त्यावर काही बोलत नाही. बारा हजार वेगळ्या पाकिटात घालून तिच्या कपाटात ठेवले.

काडी आली. अंगणावरच्या आपोआप हलणाऱ्या चित्रांना सेटिंगमध्ये जाऊन थोडा आवर घालता येतो, तेवढा घातला. तरी पिस्तुलवाले अधूनमधून येतात. त्यावर तोडगा निघाला तो स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंकडून. त्या रायचूरकडच्या. त्यांच्या जिल्ह्यात टीव्ही फार जुना आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून देशातल्या २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवण्याचा जो प्रयोग इस्रोने केला, त्यात कर्नाटकातले रायचूर, विजापूर, गुलबर्गा हे जिल्हे होते. त्यांच्या सासूबाई सांगायच्या म्हणे, शाळेसमोर पेटी ठेवून सगळं गाव बघायचं. तर या बाई पावणेसातला कणीक मळायला घेण्याआधी काडी सुरू करून आईचं ॲप उघडून ठेवतात. बदल्यात साडेसहाला त्यांची कन्नड मालिका थोडी वेळ लागते. निपाणीच्या लहानपणातलं आईचं कानडी पन्नास वर्षं तसंच पडून होतं. इथल्या दुकानांत ते कुणाला नीट कळत नाही; ती ‘एन् माडाकत्तीरी’ म्हणते आणि बंगळूरकर गोड हसतात. रायचूरच्या बाईंना ते पहिल्या दिवशीच कळलं. आता दोघी मिळून त्या कन्नड मालिकेतल्या सासूला नावं ठेवतात, आणि मी आत ऑफिसच्या मीटिंगमध्ये कान बंद करून बसते.

एक गोष्ट काडीनेही सुटली नाही आणि पेटीनेही सुटली नसती. आईला मालिका केव्हाही बघता येते हे मी कौतुकाने सांगितलं तेव्हा तिने विचारलं, ‘पण लागते किती वाजता?’ ‘केव्हाही लाव.’ ‘असं कसं?’ मिरजेत कुकर साडेसातला, जेवण पावणेआठला, मालिका आठला, आणि साडेआठला धाकट्या मावशीचा फोन. मावशी अजून मिरजेतच, दोन गल्ल्या सोडून. दोघींनी एकाच वेळी बघायचं आणि मग बोलायचं, हा पंधरा वर्षांचा रिवाज. ॲपवर तर पैसे भरणाऱ्याला भाग टीव्हीच्या आधीच मिळतो. आईने एकदा तो दुपारी बघितला आणि रात्रीपर्यंत पोटात ठेवताना तिची फार आबाळ झाली. पुन्हा नाही म्हणाली. म्हणून आता आम्ही त्याच ॲपमध्ये वाहिनीचं थेट प्रक्षेपण लावतो, आठला.

पण इंटरनेटवरचं थेट हे थेट नसतं. चित्राचे छोटे तुकडे करून, साठवून, मग पाठवतात. मिरजेच्या केबलपेक्षा ते आमच्याकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास उशिरा पोचतं. हा उशीर पाठवणाऱ्याकडेच होतो, तीन हजार द्या नाहीतर पंधरा. मालिका बघताना दोघींचा फोन स्पीकरवर चालू असतो. पहिले काही दिवस मावशी तिकडून ‘अगं बाई, अक्का, बघितलंस का!’ म्हणून किंचाळायची आणि इकडे पडद्यावर अजून काहीच झालेलं नसायचं. आई चिडायची. फोनवर दोघींची खरीखुरी भांडणं झाली, दोन दिवस अबोला झाला.

मग त्यांनी त्यांचं ठरवलं. मावशी आता तोंड दाबून बसते. तिच्याकडे कुणी थोबाडीत मारली, कुणाचं बिंग फुटलं, तरी फोनवर चिडीचूप. फक्त तिच्या पंख्याचा आवाज येतो. अर्ध्या मिनिटाने इथे थोबाडीत बसते. आई सावकाश चष्मा वर करते आणि म्हणते, ‘हं. झालं. बोल.’ आणि मिरजेकडून जो काही पूर सुटतो.